फाइल समक्रमण, मुक्तस्रोत

दोन किंवा अधिक संगणकांवरील एकाच फोल्डरच्या प्रती परस्परांशी जुळत्या ठेवण्याची व्यवस्था. एकीकडे केलेली भर, दुरुस्ती वा खोडणे आपोआप दुसरीकडे पोचते. आरसिंक, यूनिसन व सिंकथिंग ही प्रमुख मुक्तस्रोत साधने विनामूल्य असून त्यांचा सोर्स कोड कोणालाही वाचता व बदलता येतो. विदर्भाच्या खेड्यांत वीज आणि इंटरनेट दोन्ही बेभरवशाची असतात, तेथे या साधनांचे मोल विशेष आहे : दोन्ही संगणक एकाच राउटरवर किंवा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आले की इंटरनेटवाचून काम भागते.

उगम : याविषयी एकमत नाही. काहींच्या मते सुरुवात आरसिंकपासून होते. ते अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांनी जून १९९६ मध्ये जाहीर केले. त्यावरचा ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीचा तांत्रिक अहवालही त्याच महिन्याचा आहे. त्यात घेणारा संगणक आपल्याजवळच्या जुन्या प्रतीचे ठरावीक आकाराचे तुकडे पाडतो व प्रत्येक तुकड्याचे दोन चेकसम (मजकुरावरून काढलेले ओळखीचे आकडे) पाठवतो. एक ३२ बिटांचा, चटकन निघणारा, दुसरा १२८ बिटांचा, भक्कम. पाठवणारा आपल्या नव्या फाइलवर तेवढ्याच लांबीची चौकट एकेक बाइट पुढे सरकवत नेतो. हलका चेकसम जुळला तरच भक्कम काढून खात्री केली जाते. मध्येच एखादी ओळ घुसली तरी पुढचे तुकडे ओळखू येतात आणि नेटवरून केवळ नवा मजकूर जातो.

ही युक्ती असामान्य आहे. पण ती पाठवणीतली बचत झाली, आणि आरसिंक एकाच दिशेने चालते. दोन्हीकडे बदल झाले तर कोणती प्रत धरायची, हा समक्रमणाचा खरा प्रश्न. तो प्रमाण मानल्यास उगम निदान १९८३ पर्यंत मागे जातो. त्या वर्षी लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लोकस या अनेक संगणकांत विभागलेल्या प्रणालीवर काम करणाऱ्या स्टॉट पार्कर व सहकाऱ्यांनी आवृत्ती-सदिशाची कल्पना मांडली. कोणत्या संगणकाने फाइल किती वेळा बदलली, याची नोंद फाइलसोबतच राहते. एका प्रतीचा एखादा आकडा मोठा आणि बाकीचे निदान बरोबरीचे असतील तर ती नवी. काही इकडे मोठे, काही तिकडे, तर संघर्ष, म्हणजे दोन्ही प्रती स्वतंत्रपणे बदलल्या. हे ओळखायला घड्याळ लागत नाही. सिंकथिंग आजही याच तत्त्वावर चालते, त्यामुळे हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८७ च्या सुमारास सुरू झालेल्या, एम. सत्यनारायणन यांच्या कोडा प्रणालीने जोडणी तुटलेली असतानाही काम चालू ठेवण्याचा विचार पुढे नेला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील बेंजामिन पीअर्स यांचे यूनिसन दोन्ही दिशांनी चालते.

सिंकथिंग : याकोब बोर्ग यांनी डिसेंबर २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. प्रोग्रामिंगची भाषा गो, परवाना एमपीएल (मोझिला पब्लिक लायसन्स) २.०. मध्यवर्ती सर्व्हरवर फाइली ठेवाव्या लागत नाहीत. फाइलचे १२८ किबीबाइट (१ किबीबाइट = १०२४ बाइट) ते १६ मेबीबाइट (१ मेबीबाइट = १०२४ किबीबाइट) आकाराचे तुकडे होतात, त्यामुळे वीज गेली तरी परत आल्यावर उरलेले तुकडेच मागवले जातात.

ग्रामीण विदर्भ : वनहक्क कायदा २००६ चा. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. असे हक्क मिळालेल्या ग्रामसभांना नकाशे, ठराव, बांबू व तेंदूचे हिशेब जपावे लागतात. गावातला डेस्कटॉप आणि तालुक्याला नेला जाणारा लॅपटॉप यांत ते सारखे ठेवायला समक्रमण योग्य ठरते. मात्र तेंदू फळीचा (पाने गोळा करण्याच्या केंद्राचा) एकच तक्ता दोन्हीकडे बदलला गेला, तर सिंकथिंग एका प्रतीच्या नावात ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’, तारीख व वेळ घालून ती बाजूला ठेवते. कोणती बाजूला ठेवायची, हे ठरवताना मात्र घड्याळ पाहिले जाते : बदलाची वेळ जुनी असलेली प्रत बाजूला जाते. जुन्या डेस्कटॉपचा, घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा सेल संपला असेल तर भारनियमनानंतर त्याची तारीख कित्येक वर्षे मागे जाते, आणि आजच संध्याकाळी भरलेले पुडक्यांचे आकडे ‘जुने’ ठरतात. ते नष्ट होत नाहीत. कोणीतरी फोल्डर उघडून दोन्ही प्रती ताडून पाहायला हव्यात. सेल बदलायला फार खर्च येत नाही, तो आधी बदलावा.

समक्रमण म्हणजे बॅकअप नव्हे. इथे चुकून खोडलेला ठराव तिथेही खोडला जातो. सिंकथिंगमध्ये जुन्या आवृत्त्या राखण्याची सोय आहे, पण ती ज्या संगणकावर हवी तेथे स्वतः चालू करावी लागते.

फाइलींची नावे : देवनागरी नावांबाबत एक अडचण संभवते. ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावातला ऱ युनिकोडमध्ये (अक्षरांना संकेतांक देणाऱ्या प्रमाणपद्धतीत) एका संकेतानेही लिहिता येतो आणि र व नुक्ता (खालचा टिंब) अशा दोन संकेतांनीही. जुनी मॅक फाइलप्रणाली नावे दुसऱ्या पद्धतीने साठवत असे. लिनक्सवर मात्र दोन्ही नावे वेगळी धरली जातात, त्यामुळे एकाच फोल्डरमध्ये डोळ्यांना एकसारख्या दिसणाऱ्या दोन याद्या राहू शकतात. सिंकथिंग अशी नावे मुळातच एका रूपात आणते. आरसिंकला त्यासाठी ‘आयकॉन्व्ह’ हा पर्याय द्यावा लागतो.