जोडणी तुटली म्हणून फोन करण्याआधी: मेल आयडी कोणता आहे ते बघा

नोट्सचं ॲप बोलून चालणाऱ्या स्पीकरला, घड्याळाला किंवा ऑफिसच्या शीटला आमच्याकडून जोडून घेतलेल्या मंडळींसाठी हा कागद आहे. 'कालपर्यंत चालत होतं, आज नोंदच येत नाही' असा फोन आला की आम्ही नौपाड्यातून स्कूटर काढतो, कधी खारघरपर्यंत जातो आणि बहुतेक वेळा तिथे काहीच बिघडलेलं नसतं. नोंद झालेली असते, फक्त भलत्याच्या खात्यात.

घोडबंदर रोडवरच्या एका घरातली गोष्ट. गुगलचा स्पीकर मुलाने आणला, स्वतःच्या जीमेलने चालू केला आणि नोकरीसाठी बंगळुरूला गेला. आई रोज ओट्यापाशी उभं राहून त्याला हिंदीत सांगायची, धनिया लिखो, अदरक लिखो. तोही गोड आवाजात 'लिहिलं' म्हणायचा. जांभळी नाक्यावर पिशवी घेऊन उभं राहिल्यावर फोन उघडावा, तर गुगलचं नोट्सचं ॲप, किप, कोरं! तिकडे मुलाच्या किपमध्ये तीन आठवड्यांची भाजी साठलेली. त्याला वाटलं, आई आठवण करून देतेय.

स्पीकरला तुमचा फोन कळत नाही, त्याला कळतं ते खातं. ज्या मेलने स्पीकर चालू केला, त्याच मेलच्या किपमध्ये यादी जाते. दोन्ही वस्तू एकाच घरात, एकाच वायफायवर असल्या तरी मेल वेगळे असतील तर एकमेकांशी संबंध शून्य. म्हणून आधी हे करा: किप उघडा, वर उजवीकडच्या गोल फोटोवर बोट ठेवा, कोणता मेल दिसतो तो कागदावर लिहा. मग स्पीकर ज्यातून चालू केला ते गुगल होम ॲप उघडून तसंच बघा. झॅपियर (एका ॲपमधली नोंद दुसऱ्यात आपोआप नेणारी सेवा) वापरत असाल तर तिथे जोडलेल्या खात्याचाही मेल लिहा. तिन्ही ठिकाणी एकच मेल नसेल, तर उत्तर तुमच्या हातात आहे आणि आमची फेरी वाचली.

वेगळे मेल ठेवायचेच असतील तरी मार्ग आहे. ज्याच्या खात्यात यादी जाते त्याने ती किपमध्ये उघडून 'कोलॅबरेटर' म्हणून दुसऱ्याचा मेल टाकावा, म्हणजे एकच यादी दोघांना दिसते. शिवाय घरातल्या माणसांचे आवाज स्पीकरला ओळखायला शिकवता येतात, सहा जणांपर्यंत, म्हणजे ज्याचा आवाज त्याच्या खात्यात नोंद. आम्ही एकत्र कुटुंबात हेच करून देतो, पण त्या वेळी सगळे घरी हवेत. सूनबाई ऑफिसला आणि आजोबा देवळात, अशा वेळी बोलावू नका.

मेल जुळत असूनही अडत असेल तर कारण बहुधा पुढच्यापैकी एक.

नोशन (नोट्स आणि तक्ते ठेवायचं ॲप) जोडताना परवानगीच्या पानावर कोणती पानं दाखवायची ते निवडावं लागतं. घाईत पुढे-पुढे दाबलं तर 'कनेक्टेड' असं हिरवं दिसतं आणि तरी एकही नोंद उतरत नाही. वाशीच्या एका क्लासमध्ये प्रवेशाचे फॉर्म याच कारणाने दोन दिवस अडकले होते. ते पान उघडून वरच्या तीन टिंबांमधून जोडणी द्यायची, एवढंच काम.

झॅपियरच्या फुकट योजनेत बऱ्याच जोडण्या पंधरा मिनिटांनी एकदाच नवीन काही आलंय का ते बघतात, आणि महिन्याला १०० कामांची मर्यादा आहे. फॉर्म भरल्याभरल्या नोंद दिसली नाही म्हणून लगेच पुन्हा भरू नका, नाहीतर दोन नोंदी होतात आणि कामंही दोन मोजली जातात.

अलेक्साच्या किराणा यादीबद्दल बरेच जण विचारतात. बाहेरच्या यादी-ॲपना तिच्याशी जोडण्याची सोय ॲमेझॉननेच जुलै २०२४ मध्ये बंद केली. ती कुणीही पैसे घेऊन परत चालू करून देऊ शकत नाही, आम्हीही नाही. किपचंही थोडं असंच आहे: साध्या जीमेल खात्याच्या किपमध्ये बाहेरच्या ॲपला शिरता यावं असा अधिकृत दरवाजा गुगलने दिलेला नाही. त्यामुळे स्पीकर आणि घड्याळासाठी किप छान, पण फॉर्म, शीट, कॅलेंडर यांच्याशी आपोआप जुळवायचं असेल तर आम्ही नोशन किंवा मायक्रोसॉफ्टचं वननोट सुचवतो. 'तुम्ही मुद्दाम महागडं गळ्यात मारता' असं एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी ऐकवलं होतं. दोन्ही फुकटात सुरू होतात हे त्यांना दाखवलं, मग चहा मिळाला.

आता आमच्या पद्धतीबद्दल. आम्ही पासवर्ड विचारत नाही आणि कुणी व्हॉट्सॲपवर पाठवला तर पुसायला सांगतो. जोडताना परवानगी गुगलच्या किंवा मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या पानावर तुम्हीच द्यायची असते. ॲपला पासवर्ड कळत नाही, त्याला फक्त एक परवाना मिळतो. तो कधीही गुगल खात्याच्या सुरक्षा विभागातून काढून घेता येतो. जीमेल वाचणारी जोडणी असेल तर पासवर्ड बदलल्यावर तो परवाना रद्द होतो आणि पुन्हा जोडावं लागतं. हा बिघाड नाही, ते कुलूप आहे.

सगळं काम तुमच्याच मेलवर होतं. बेलापूरच्या एका दवाखान्यात आधी कुणीतरी सगळी व्यवस्था स्वतःच्या आयडीवर करून दिली होती. तो माणूस फोन उचलेना, आणि अपॉइंटमेंटच्या नोंदी डॉक्टरांच्या असून डॉक्टरांना उघडता येईनात. आम्हाला शेवटी सगळं नव्याने उभं करावं लागलं.

जोडणीनंतर ३० दिवस फोनवर मदत फुकट. घरी यायचं तर फेरीचे पैसे लागतात, आणि दोन मेलचा घोळ निघाला तरी लागतात, कारण पेट्रोल तेवढंच जळतं. वरच्या तीन मेलचा कागद फोटो काढून आधी पाठवलात तर बऱ्याचदा फोनवरच पाच मिनिटांत काम होतं आणि त्याचे आम्ही काही घेत नाही.

नवीन जोडणीसाठी दुकानात येणार असाल तर फोन चार्ज करून आणा, आणि ज्याच्या नावाने स्पीकर चालू केला आहे त्या माणसालाही घेऊन या. तो बंगळुरूला असेल तर व्हिडिओ कॉल चालेल, पण संध्याकाळी सातनंतर. त्याआधी दुकानात गर्दी असते.