ऑटो-शेअर वेगळं, लिंकचं प्रिव्ह्यू कार्ड वेगळं

‘जेटपॅकवरून पोस्ट फेसबुकवर जाते, पण फोटो भलताच येतो. काय करू?’ हा प्रश्न वर्डप्रेसवर ब्लॉग लिहिणाऱ्यांकडून सतत येतो (जेटपॅक म्हणजे पोस्ट आपोआप शेअर करणारं वर्डप्रेसचं प्लगइन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर) आणि त्यावर उत्तरही ठरलेलं असतं: खातं डिस्कनेक्ट करा आणि परत जोडा. कृपा करून हा सल्ला देणं थांबवा. पोस्ट पोचली आहे ना? मग जोडणी शाबूत आहे. फोटोचं बिनसलंय ते दुसरीकडे.

ऑटो-शेअर तुम्हाला ठाऊक आहेच. ‘प्रकाशित करा’ दाबलं की जोडलेल्या खात्यांवर मजकूर आणि लिंक रवाना होते. फेसबुकला त्यासाठी पेज लागतं, कारण ऑगस्ट 2018 पासून बाहेरच्या अ‍ॅपना वैयक्तिक प्रोफाइलवर पोस्ट टाकता येत नाही. ट्विटरने 2023 मध्ये एपीआयचे, म्हणजे बाहेरच्या सॉफ्टवेअरला जोडणी देणाऱ्या सोयीचे, दर वाढवले आणि जेटपॅकने ती जोडणीच काढून टाकली. या भागाबद्दल एवढं पुरे.

खरा घोळ कार्डाचा आहे. लिंकखाली फोटो, शीर्षक आणि दोन ओळी असलेला जो चौकोन दिसतो, तो सहसा ऑटो-शेअर पाठवत नाही. फेसबुकला मिळतो तो फक्त पानाचा पत्ता, म्हणजे लिंक. मग फेसबुकचा बॉट, म्हणजे पानं आपोआप वाचणारा प्रोग्राम, तुमच्या पानावर येतो, पानाच्या कोडमधले ओपन ग्राफ (ओजी) टॅग, म्हणजे पानाची माहिती देणाऱ्या खुणा, वाचतो आणि त्यातल्या ओजी इमेज, ओजी टायटल, ओजी डिस्क्रिप्शनवरून कार्ड बनवतो. टॅग नसतील तर पानावरचा एखादा फोटो स्वतःच उचलतो. साइडबारमधला लोगो किंवा तुमचा पासपोर्ट फोटो कार्डावर झळकतो तो असा.

याहून महत्त्वाचं म्हणजे, एकदा वाचलेलं फेसबुक साठवून ठेवतं. समजा, तुम्ही फीचर्ड इमेज (पोस्टचं मुख्य चित्र) न लावताच पोस्ट प्रकाशित केली. ऑटो-शेअरने त्याच क्षणी लिंक पाठवली, बॉट आला आणि बिनफोटोचं पान वाचून गेला. पाच मिनिटांनी तुम्ही फोटो लावून ‘अपडेट’ दाबलंत. ब्लॉगवर सगळं छान दिसतं, फेसबुकवर मात्र कार्ड जुनंच. अपडेट केल्याने बॉट परत येत नाही आणि ऑटो-शेअरही दुसऱ्यांदा काही पाठवत नाही, त्याचं काम पहिल्यांदा प्रकाशित करतानाच संपलं. अशा वेळी फेसबुकचं शेअरिंग डीबगर हे लिंक तपासायचं पान उघडायचं, लिंक टाकायची आणि ‘स्क्रेप अगेन’ दाबायचं. मगच नवं शेअर नव्या फोटोसह जातं. आधीच पडलेल्या पोस्टवर अजून कुणी काही लिहिलं नसेल, तर ती काढून नव्याने टाकलेली बरी. फेसबुक पेजवरून लिंक टाकताना कार्डाचं शीर्षक नि फोटो तिथल्या तिथे बदलता यायचे, ती सोय खोट्या बातम्यांना आळा घालण्यासाठी 2017 मध्ये गेली. त्यामुळे दुरुस्ती ब्लॉगच्या पानावरच करावी लागते.

व्हॉट्सअ‍ॅपची तऱ्हा निराळी. तिथे कार्ड पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होतं आणि मेसेजसोबत जातं. म्हणून मावशीच्या ग्रुपवर फोटो दिसतो आणि ऑफिसच्या ग्रुपवर नुसती लिंक, असं होऊ शकतं. लिंक पेस्ट केल्यावर कार्ड दिसेपर्यंत क्षणभर थांबा, मग पाठवा. गेलेला मेसेज नंतर सुधारत नाही.

दोन अपवाद मात्र लक्षात ठेवा. ब्लूस्काय या ट्विटरसारख्या सोशल नेटवर्कवर कार्ड पोस्ट टाकणारं अ‍ॅपच बनवतं, आणि लिंक्डइनवर बाहेरच्या अ‍ॅपमधून लिंक गेली तर शीर्षक नि चित्र त्या अ‍ॅपनेच पुरवायचं असतं. या दोन ठिकाणी फोटो चुकला तर ऑटो-शेअरला जाब विचारायला हरकत नाही.

गोंधळ वाढवण्यात जेटपॅकचाही हात आहे, कारण ते दोन्ही कामं करतं: शेअरही करतं आणि ओपन ग्राफ टॅगही घालतं. योस्टसारखं एसईओचं (गुगल वगैरेंवर पान नीट दिसावं यासाठीचं) प्लगइन असेल तर टॅगचं काम त्याच्याकडे सोपवतं. योस्ट नसताना कुणी ‘आता शेअर हातानेच करतो’ म्हणून जेटपॅकचं शेअरिंग पूर्ण बंद करतं, आणि त्यासोबत टॅगही जातात. मग हाताने टाकलेल्या लिंकचंही कार्ड बिघडतं. माझं मत स्पष्ट आहे: टॅग एका प्लगइनकडे ठेवा, शेअर दुसऱ्याकडे. चित्र 1200 बाय 630 पिक्सेलचं, आडवं. चौकोनी चित्रावर वरपासून खालपर्यंत शीर्षक लिहिलंत तर वरची नि खालची ओळ कापली जाणार.

आणि ‘नवीन पोस्ट:’ असा तयार मजकूर आपोआप जाऊ देऊ नका. शीर्षक कार्डावर असतंच, तेच वर पुन्हा कशाला? संदेशाच्या चौकटीत लेखातलं एक चांगलं वाक्य घाला.

शेवटचा मुद्दा मराठीत लिहिणाऱ्यांसाठी. वर्डप्रेस शीर्षकावरून देवनागरी पत्ता बनवतं. लिंक कॉपी केली की त्यातल्या प्रत्येक अक्षरचिन्हाची टक्क्याच्या खुणांसह नऊ अक्षरं होतात. डेटाबेसमध्ये जागा 200 अक्षरांची, म्हणजे जेमतेम बावीस चिन्हं मावतात आणि पुढचं शीर्षक कापलं जातं. म्हणून पत्ता छोट्या रोमन अक्षरांत द्या, पण प्रकाशित करण्याआधी. शेअर झाल्यावर पत्ता बदललात तर वर्डप्रेस वाचकाला जुन्यावरून नव्यावर नेतं खरं, पण फेसबुकच्या लेखी ते नवं पान असतं आणि जुन्या लिंकवरच्या लाइक-शेअरचा आकडा त्याच्याकडे येईलच असं नाही.