धरणाचं रेटिंग 'लो रिस्क' होतं, मग २७० माणसं गेली कशी?

ब्राझीलमधल्या ब्रुमाडिन्योजवळच्या लोखंडाच्या खाणीचं बी-१ नावाचं धरण २५ जानेवारी २०१९ ला दुपारी साडेबाराच्या सुमारास फुटलं आणि २७० माणसं गेली. त्यात बहुतेक खाणीतलेच कामगार होते, कारण खाणीचं ऑफिस आणि कॅन्टीन धरणाच्या बरोबर खाली होतं आणि वेळ जेवणाची होती. पण या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त खुपते ती वेगळीच गोष्ट. सरकारी यादीत या धरणाच्या नावापुढे दोन रेटिंग होती. फुटण्याची रिस्क: लो. फुटलंच तर होणारं नुकसान: हाय. दोन्ही रेटिंग एकाच धरणाची, एकाच वेळची, आणि ज्यांचा जीव त्यावर टांगलेला होता त्यांच्यातल्या किती जणांना या दोन शब्दांतला फरक कुणी नीट समजावून सांगितला असेल?

आता मुळात हे धरण कसलं ते बघू. उदाहरण म्हणून तांब्याची खाण घ्या: तांब्याच्या खनिजात तांबं बऱ्याचदा एक टक्कासुद्धा नसतं, म्हणजे हजार किलो दगड फोडून, दळून, पाण्यात आणि केमिकलमध्ये घोळवून हाताला दहा किलोसुद्धा लागत नाही, आणि उरलेला सगळा बारीक गाळ पाण्यासकट पाइपने कुठेतरी नेऊन टाकावाच लागतो. या गाळाला टेलिंग्ज म्हणतात आणि तो अडवायला जो बांध घालतात ते टेलिंग्ज धरण. नदीवरचं धरण एकदा बांधून पूर्ण होतं, हे मात्र खाण चालू असेपर्यंत, म्हणजे वीस-तीस-चाळीस वर्षं, टप्प्याटप्प्याने उंच होत राहतं. दरम्यान इंजिनिअर बदलतात, कधी मालकही बदलतात, जुने नकाशे हरवतात.

उंची वाढवायच्या पद्धतीत खरी मेख आहे. एका पद्धतीत नवा बांध जुन्या बांधाच्या बाहेरच्या अंगाला घालत जातात, भरपूर माती-दगड लागतो, जागा लागते, खर्च येतो पण पाया भक्कम मिळतो. दुसऱ्या पद्धतीत नवा टप्पा आतल्या बाजूला, आधी साचलेल्या गाळावरच उभा करतात. याला अपस्ट्रीम पद्धत म्हणतात आणि ती सगळ्यात स्वस्त पडते. पण म्हणजे भिंत उभी कशावर आहे, तर ज्याला अडवायचंय त्याच्याच डोक्यावर! चिलीत १९६५ च्या भूकंपात एल कोब्रेचं असं धरण फुटून २०० च्या वर माणसं मेली आणि त्या देशाने पुढे या पद्धतीवर बंदीच घातली. ब्राझीलने घातली ती ब्रुमाडिन्यो झाल्यावर. बी-१ ची सुरुवात १९७६ ची, आणि असंच गाळावर चढत चढत ते ८६ मीटरपर्यंत पोचलं होतं.

तर रेटिंगचं काय. आधी नुकसानीचं रेटिंग बघू. २०२० साली अशा धरणांसाठी एक जागतिक स्टँडर्ड आलं, संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण विभाग, खाण कंपन्यांची संघटना आणि गुंतवणूकदारांचा एक गट अशा तिघांनी मिळून बोलावलेलं. त्यात पाच पायऱ्या आहेत: लो, सिग्निफिकंट, हाय, व्हेरी हाय आणि एक्स्ट्रीम. पायरी ठरते ती मुख्यतः धरणाखाली कोण आणि काय आहे यावर. गाळाच्या वाटेत कुणीच राहत नसेल तर लो, दहापर्यंत माणसं असतील तर सिग्निफिकंट, शंभरपर्यंत हाय, हजारपर्यंत व्हेरी हाय, त्याच्या पुढे एक्स्ट्रीम. शिवाय नदी, पिण्याचं पाणी, शेती, जंगल, रस्ते हे पण धरतात, आणि ज्या बाबतीत नुकसान सगळ्यात मोठं ती पायरी लागू होते. नीट बघा, यात भिंत मजबूत आहे की खिळखिळी हे कुठेच आलं नाही. एक्स्ट्रीम धरण उत्तम बांधलेलं असू शकतं आणि लो धरण उद्या फुटू शकतं. त्यामुळे बातमीत 'हाय हॅझर्ड धरण' (म्हणजे फुटलं तर मोठं नुकसान करणारं) वाचलं की ते आता कोसळणार असं समजून घाबरायचं कारण नाही, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे 'लो' वाचून निश्चिंत व्हायचं तर अजिबात नाही.

आणखी एक, हे रेटिंग धरणाला हातसुद्धा न लावता बदलू शकतं. खालच्या मोकळ्या माळावर दहा-बारा वर्षांत वस्ती झाली, कामगारांच्या खोल्या उठल्या, की धरण तेच पण पायरी वर चढायला हवी. हवी म्हणतोय, कारण त्यासाठी कुणीतरी पुन्हा जाऊन घरं मोजावी लागतात.

मग पायरीचा उपयोग काय? तर डिझाइन किती कडक पाहिजे हे त्यावरून ठरतं. चालू खाणीच्या लो धरणाने २०० वर्षांतून एकदा येणारा पूर झेलला तर चालतं, एक्स्ट्रीमला १०,००० वर्षांतून एकदा येणारा झेलता आला पाहिजे. यातसुद्धा लोक फसतात. २०० वर्षांतून एकदा म्हणजे आता दोनशे वर्षं चिंता नाही असं नसतं, दरवर्षी तो यायची शक्यता अर्धा टक्का असा त्याचा अर्थ, आणि खाण वीस वर्षं चालली तर त्या काळात असा पूर निदान एकदा यायची शक्यता जवळजवळ दहा टक्के होते. माझ्या मते हा दहा टक्क्यांचा आकडा रिपोर्टच्या पहिल्या पानावर ठळक छापायला हवा, कारण तो कुणालाही लगेच कळतो.

दुसरं रेटिंग भिंतीच्या तब्येतीचं, म्हणजे फुटण्याच्या रिस्कचं, आणि तिथे एक आकडा फार महत्त्वाचा: सेफ्टी फॅक्टर. भिंतीची आतली ताकद भागिले तिला खाली ढकलणारा जोर. १ आला म्हणजे भिंत काठावर आहे, नेहमीच्या स्थितीसाठी साधारण १.५ तरी असावा असं धरतात. पण ताकद कुठली धरायची? पाण्याने भरलेला भुसभुशीत गाळ अचानक दबला तर कणांमधल्या पाण्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, पाण्याचा दाब वाढतो, कण एकमेकांवर टेकायचे थांबतात आणि घट्ट दिसणारा गाळ क्षणात पातळ होऊन वाहायला लागतो, समुद्रकिनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत एकाच जागी पाय नाचवला की ती कशी पायाखाली लिबलिबीत होते तसंच, फक्त लाखो टनांच्या मापात. याला लिक्विफॅक्शन म्हणतात. ही शक्यता धरून बी-१ चा हिशोब केला तेव्हा सेफ्टी फॅक्टर आला होता १.०९. तरीही सप्टेंबर २०१८ मध्ये धरण स्थिर असल्याचं सर्टिफिकेट मिळालं. चार महिन्यांनी ते फुटलं.

नंतर तज्ञांच्या पॅनेलने जे सांगितलं ते वाचून अंगावर काटा येतो. भूकंप नाही, सुरुंगाचा धक्का नाही. आतला निचरा नीट नव्हता म्हणून भिंतीत पाणी वरपर्यंत चढलेलं, गाळ आपल्याच वजनाखाली हळूहळू सरकत होता, वरून पावसाने भिंतीच्या वरच्या थरातला उरलासुरला घट्टपणा कमी केला. आणि फुटण्याआधी भेगा, फुगवटा, गळती वाढणं असं काहीच दिसलं नव्हतं. कॅमेऱ्यात दिसतं की दहा सेकंदांच्या आत पूर्ण भिंत खाली बसते. सायरन वाजलेच नाहीत.

म्हणून भिंतीवर फिरून, डोळ्यांनी बघून दिलेलं 'समाधानकारक' हे रेटिंग अशा धरणाला पुरत नाही. अमेरिकेत बफेलो क्रीकला १९७२ मध्ये कोळशाच्या खाणीचं असंच धरण फुटून १२५ माणसं मेली, त्याला चारच दिवस आधी इन्स्पेक्टरने समाधानकारक म्हटलं होतं. कॅनडात माउंट पॉलीला २०१४ मध्ये धरण फुटलं, सुदैवाने कुणी दगावलं नाही, पण कारण निघालं ते पायाच्या खालचा कमकुवत चिकणमातीचा थर, जो डिझाइनच्या वेळी नीट ओळखलाच गेला नव्हता. जमिनीखालचा थर वरून फिरणाऱ्या माणसाला दिसणार कसा?

मग बघायचं काय, तर सगळ्यात आधी पाणी. भिंतीत ठिकठिकाणी पिझोमीटर बसवतात आणि त्यावरून आतल्या पाण्याचा दाब कळतो. एका दिवसाच्या आकड्यात फारसा अर्थ नसतो, पावसाळ्यात किती चढतो आणि नंतर उतरतो का, हे वर्षानुवर्षं बघावं लागतं. दुसरं म्हणजे वर साचलेलं तळं भिंतीपासून किती लांब आहे. चांगल्या धरणात भिंतीला लागून गाळाचा रुंद कोरडा पट्टा असतो आणि पाणी पार मागे. दक्षिण आफ्रिकेत मेरीस्प्रेटला १९९४ मध्ये तळं भिंतीला टेकलेलं होतं, पाणी आणि भिंतीचा माथा यात पुरेशी उंची सोडलेली नव्हती, जोराचा पाऊस आला, पाणी माथ्यावरून गेलं आणि खालच्या वस्तीतली १७ माणसं गेली. हा पट्टा सॅटेलाइटच्या फोटोतसुद्धा दिसतो, त्याला इंजिनिअर असावं लागत नाही.

आणि धरण बंद झालं म्हणजे विषय संपला असं तर मुळीच नाही. बी-१ मध्ये २०१६ पासून गाळ टाकणं थांबलेलं होतं, तरी ते तीन वर्षांच्या आत फुटलं. कंपनी निघून जाते, पगारी माणूस पिझोमीटर वाचायला येईनासा होतो, गाळ तिथेच राहतो. त्यामुळेच नव्या स्टँडर्डमध्ये, बंद करून देखरेखीशिवाय सोडायच्या धरणासाठी पाचही पायऱ्यांना एकच अट आहे: लो असो की एक्स्ट्रीम, १०,००० वर्षांतला पूर त्याने झेललाच पाहिजे.