न आलेल्या हिमनदीचं नाव: आयोवाच्या भूप्रदेशांची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या निसर्गाचे दोन नकाशे हल्ली सर्रास वापरले जातात. पहिला भूरूपांचा. 1976 साली तो ज्या रूपात लोकांसमोर आला त्यात राज्याचे सात भाग होते, पुढे त्यात थोडी भर पडली. त्याच्या ईशान्य भागात एक मोठा पट्टा आहे, त्यावर लिहिलंय 'आयोवन सरफेस'. दुसरा नकाशा अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याच्या परिसर-प्रदेशांचा. त्यात कडेचे काही तुकडे सोडले तर जवळजवळ सगळं राज्य एकाच नावाखाली येतं, 'वेस्टर्न कॉर्न बेल्ट प्लेन्स', म्हणजे पश्चिमेकडची मकापट्ट्याची मैदानं. पहिलं नाव कधीच न आलेल्या हिमनदीवरून पडलंय. दुसरं ज्या पिकावरून पडलंय, त्याचे अफाट मळे या जमिनीवर पसरून दोनशे वर्षंही झालेली नाहीत. ही दोन नावं कशी चिकटली, हे कळलं की आयोवाचा बराचसा इतिहास उलगडतो.

आयोवा मुळात प्रेअरीचं, म्हणजे गवताच्या मैदानांचं राज्य. प्रेअरी कशी असते, हे आपण शाळेच्या भूगोलात पंपास आणि स्टेपबरोबर पाठ केलेलं आहे, त्यात शिरत नाही. तळाशी जुन्या समुद्रांचे चुनखडक आहेत, त्यांच्यावर हिमनद्यांनी आणून टाकलेला माती-गोट्यांचा काला आहे आणि त्यावर वाऱ्यानं आणलेली पिवळसर, पिठासारखी माती म्हणजे लोएस. या काल्याला तिथे 'ड्रिफ्ट' म्हणतात. जमिनीचा वरचा थर काळाभोर आहे, पण आपल्या काळ्या रानाशी त्याची गल्लत नको. आपली काळी माती बेसाल्ट झिजून झालेली, तिथली हजारो वर्षं गवताची मुळं कुजून.

शेवटची हिमनदी आली ती उत्तरेकडून, जिभेच्या आकारात. सुमारे 15,000 वर्षांपूर्वी ती आजच्या डे मॉइन या राजधानीच्या शहरापर्यंत पोचली आणि थांबली. तिच्या टोकाशी साचलेल्या ढिगाऱ्यावर आज राज्याच्या विधानभवनाचा सोनेरी घुमट उभा आहे. तिथून उत्तरेला जमीन सपाट आणि पाणथळ, दक्षिणेला ओढ्यांनी कापलेल्या टेकड्या. या हिमनदीबद्दल कधीच कुणाचं दुमत नव्हतं. भांडण झालं ते तिच्या पूर्वेकडच्या पट्ट्यावरून, आणि ते जवळपास पाऊण शतक चाललं.

1890 च्या दशकात ईशान्य आयोवात फिरणाऱ्या भूशास्त्रज्ञांना तिथली जमीन वेगळी वाटली. लांबच लांब मंद उतार, खोल दऱ्या नाहीत. शेतात ग्रॅनाइटचे प्रचंड उपरे धोंडे, काही तर घराएवढे. दक्षिण आयोवात लोएसखाली चिकट, करड्या, जुन्या मातीचा जाड थर लागतो, तो इथे गायब. लोएसही नावापुरता. निष्कर्ष सरळ होता: दक्षिणेची जमीन जुन्या हिमनदीची, ही नव्या हिमनदीची. नवी आली, तिनं जुनी माती खरवडून नेली आणि येताना धोंडे आणले. या हिमनदीला राज्याचंच नाव मिळालं, 'आयोवन'. उत्तर अमेरिकेच्या हिमयुगांच्या यादीत तिला स्वतंत्र जागाही मिळाली. राज्यातल्या मंडळींना याचा अभिमान वाटला असेल तर नवल नाही.

पण काही गोष्टी पहिल्यापासून खटकत होत्या. हिमनदी जिथे थांबते तिथे ढिगाऱ्याची रांग सोडते. या पट्ट्याच्या कडेला अशी रांगच नव्हती. मग सांगितलं गेलं की बर्फ पातळ होता. 1910 च्या आसपास हिमनद्यांचा अभ्यास करण्यात हयात घालवलेल्या एका ज्येष्ठानं उघड शंका घेतली. ती निकालात काढण्यासाठी पुराव्यांची सविस्तर फेरतपासणी झाली आणि 1917 साली अहवाल छापला गेला: हिमनदी आली होती. प्रश्न मिटला असं सगळ्यांनी धरलं. 1930 च्या दशकात 'आयोवन'चा स्वतंत्र हिमयुगाचा दर्जा काढून तिला शेवटच्या हिमयुगाचा पहिला टप्पा केलं गेलं. यादीतली जागा बदलली, पण मुळात ती आली होती का, हे पुन्हा विचारायला पुढे तीसेक वर्षं जावी लागली.

उत्तर दिलं ते टेकड्यांनी. त्या पट्ट्यात मधूनमधून लांबट, होडी पालथी घातल्यासारख्या टेकड्या आहेत, सगळ्या वायव्येकडून आग्नेयेकडे पसरलेल्या. त्यांना डकोटा लोकांच्या भाषेतला टेकडीचा शब्द दिला गेला: 'पहा'. मराठी माणसाला हे नाव वाचून हसू येतं, पण ते अगदी चपखल आहे, कारण सगळा पुरावा त्या टेकड्यांच्या पोटातच होता. माउंट व्हर्नन हे कॉलेजचं गाव अशाच एका पहावर वसलेलं आहे.

1960 च्या दशकात मृदाशास्त्राकडून आलेल्या काही अभ्यासकांनी वाद घालायचं सोडून भोकं पाडायला घेतली. जिच्या वयाबद्दल वाद नव्हता अशा दक्षिणेकडच्या जमिनीपासून सुरुवात करून त्यांनी ओळीनं बोअर घेत 'आयोवन' पट्ट्यात प्रवेश केला. टामा काउंटीत, म्हणजे तिथल्या एका जिल्ह्यात, पहाच्या माथ्यावरून बोअर खाली गेलं तेव्हा वर जाड लोएस लागला, त्याखाली ती गायब समजली जाणारी चिकट करडी माती आणि तिच्याखाली जुन्याच हिमनदीचा काला. टेकडीवरून उतरून शेजारच्या शेतात बोअर घेतलं तर तोच काला, त्याच सलगतेनं. फक्त वरची करडी माती नाही. तिच्या जागी वीतभर खड्यांचा थर आणि त्यावर हात-दोन हात माती. नव्या हिमनदीचा काला कुठेच नाही.

तो खड्यांचा थर हीच मेख. जमीन धुपते तेव्हा बारीक माती निघून जाते आणि जड खडे मागे राहतात, अंगणात जोराचा पाऊस पडून गेल्यावर वर खडीच दिसते तसे. म्हणजे इथे नवं काही आलेलं नव्हतं, उलट होतं ते गेलं होतं. साधारण 21,000 ते 16,500 वर्षांपूर्वीच्या कडाक्याच्या थंडीत ही जमीन गोठत-विरघळत, वाऱ्या-पाण्यानं सोलून निघाली. लोएस गेला, करडी माती गेली आणि जुन्या हिमनदीचे धोंडे उघडे पडले. पहा म्हणजे या सोलण्यातून वाचलेली बेटं. 1968 साली हे सविस्तर छापून आलं आणि आयोवन हिमनदी पुस्तकांतून गेली.

नाव मात्र गेलं नाही. 'आयोवन ड्रिफ्ट'चं 'आयोवन इरोजन सरफेस' झालं, मग नुसतं 'आयोवन सरफेस'. आपल्याकडे टॉकीज पाडलं तरी बसथांबा टॉकीजच्याच नावानं ओळखला जातो, तसंच हे, असं म्हणायला जावं तर इथे टॉकीज कधी बांधलंच गेलं नव्हतं. नाव ठेवणाऱ्यांची बाजू अशी की पट्टा खरोखरच वेगळा आहे, त्याच्या सीमा दिसतात आणि लोकांच्या तोंडी नाव बसलंय. ते खरंही आहे. तरी मला वाटतं, तेव्हाच एखादं साधं नाव दिलं असतं तर पुढच्या दोन पिढ्यांना प्रत्येक माहितीपत्रकात 'आयोवन हिमनदी नावाचं काही नव्हतं' हा खुलासा करावा लागला नसता.

बाकीच्या नावांचीही पुढे अशीच पडझड झाली. 'नेब्रास्कन' आणि 'कॅन्सन' ही दोन जुनी हिमयुगं एका ज्वालामुखीच्या राखेच्या थरावरून ओळखली जात. ती राख एकाच स्फोटाची नसून सुमारे 20 लाख, 13 लाख आणि 6 लाख वर्षांपूर्वीच्या तीन वेगवेगळ्या स्फोटांची निघाली. दोनाच्या जागी किमान सात हिमनद्या मोजाव्या लागल्या आणि दोन्ही नावं बाद झाली.

ईशान्येच्या टोकाला लोक 'ड्रिफ्टलेस' म्हणतात, म्हणजे हिमनदीचा काला नसलेला भाग. शेजारच्या विस्कॉन्सिनच्या बाबतीत ते खरं आहे. आयोवाच्या बाजूला मात्र जुन्या काल्याचे तुकडे सापडतात, म्हणून भूरूपांच्या नकाशात त्याला 'पॅलिओझोइक पठार' म्हटलंय. पर्यटनाच्या पाट्यांवर ड्रिफ्टलेसच आहे आणि तेच राहणार. इथल्या काही उतारांवर चुनखडीच्या भेगांमध्ये बर्फ टिकून राहतो आणि भर उन्हाळ्यातही गार हवा बाहेर येत राहते. जीवाश्मावरून ओळखली गेलेली आणि नामशेष मानलेली एक चिमुकली गोगलगाय 1955 साली अशा उतारावर जिवंत सापडली. शेजारी आपल्या बचनागाच्याच कुळातलं एक दुर्मीळ निळं फूल उगवतं. पश्चिमेला मिसुरी नदीच्या काठानं लोएसच्या टेकड्यांची चिंचोळी रांग आहे. लोएसचा इतका जाड थर म्हटलं की लोक चीनचं उदाहरण देतात. तिथलं आजचं दुखणं वेगळं आहे: पूर्वी वणवे लागत, आता लागत नाहीत, म्हणून गवतात लाल सीडरची झाडं घुसली आहेत.

आता दुसऱ्या नकाशाकडे. 1832 ते 1859 या काळात सरकारी मोजणीदार साखळ्या घेऊन हे राज्य चालत गेले. प्रत्येक कोपऱ्यावर जवळचं झाड खुणेचं म्हणून टिपायचं असा नियम होता. प्रेअरीत झाडच नसे, मग खड्डा खणून त्या मातीचा ढीग करत. या नोंदींवरून कळतं की सुमारे 3 कोटी 60 लाख एकरांच्या राज्यात जवळजवळ 80 टक्के गवत होतं. आज त्यातलं एक दशांश टक्कासुद्धा उरलेलं नाही. 'आयोवन' पट्ट्यातल्या हॉवर्ड काउंटीत 1945 साली घेतलेली 240 एकरांची हेडन प्रेअरी हा तिथला मोठा तुकडा समजला जातो. मोठा म्हणजे किती, याचा यावरून अंदाज यावा.

परिसर-प्रदेशांची पद्धत 1980 च्या दशकात आखली गेली ती मुळात नद्या-ओढ्यांच्या पाण्याची प्रत जोखण्यासाठी. म्हणून तिच्यात खडक, माती, हवामान, वनस्पती यांच्याबरोबर जमिनीचा वापरही धरलेला आहे. त्या हिशेबानं मका आला यात तांत्रिक चूक काही नाही. पण निसर्गाच्या नकाशावर पिकाचं नाव आलं की आधी इथे काय होतं, हा प्रश्नच कुणाला पडत नाही. प्रेअरीखाली पुरलेले पाइप तर त्या नकाशात दिसतही नाहीत. शेवटच्या हिमनदीच्या त्या जिभेच्या भागातली डबकी आणि दलदल काढण्यासाठी शेताखाली भाजलेल्या मातीच्या नळ्यांचं जाळं पसरलं गेलं. 1908 साली राज्यघटना दुरुस्त करून निचऱ्यासाठी सामाईक मंडळं स्थापायची वाट मोकळी केली गेली आणि आज अशी सुमारे 3000 मंडळं आहेत. पाणी पूर्वी महिनोन्‌महिने साचून राही, ते आता खतातला नायट्रेट घेऊन थेट नदीत जातं.

2015 साली राजधानीला पाणी पुरवणाऱ्या संस्थेनं वरच्या अंगाच्या तीन काउंट्यांमधल्या निचरा मंडळांवर दावा लावला. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 10 मिलिग्रॅम, नदीत त्याहून जास्त. 2017 साली दावा फेटाळला गेला, कारण मंडळांना कायद्यानं पाणी काढण्याचाच अधिकार दिलेला आहे, शुद्ध करण्याचा नाही. 2025 च्या जूनमध्ये नायट्रेट इतका चढला की राजधानीच्या परिसरात हिरवळीला पाणी घालायला बंदी आली.

मधल्या काळात गवत परत आणायचे प्रयत्नही झाले. प्रेअरी सिटीजवळ अणुवीज प्रकल्पासाठी घेतलेली आणि प्रकल्प न झाल्यानं पडून राहिलेली जमीन 1990 च्या सुमारास अभयारण्यासाठी मिळाली. तिथे मक्याच्या रानात प्रेअरीचं बी पेरलं गेलं आणि 1996 साली अमेरिकी बायसन आणून सोडले. 2010 साली मतदारांनी सुमारे 63 टक्के कौल देऊन घटनेत निसर्गासाठी कायमचा निधी घातला. पैसे विक्रीकरात पुढे जेव्हा वाढ होईल तिच्यातले पहिले तीन अष्टमांश सेंट, अशी अट. विधिमंडळानं पुढची पंधराएक वर्षं ती वाढ केलीच नाही. घटनेत कलम आहे, निधीचं खातं आहे, त्यात पैसा नाही.