चूक कोणाची आणि पैसे कोणी द्यायचे?

कामावर असताना हात मोडला, तर मालकाची चूक दाखवून द्यावी लागते का? गाडीने उडवलं, पण रस्ता ओलांडताना आपणही नीट बघितलं नव्हतं, तर दावा बुडाला का? धडक देणारा कंपनीचा ड्रायव्हर असेल तर पैसे त्याच्याकडून मागायचे की कंपनीकडून? आणि कामावरून घरी येताना अपघात झाला तर तो कोणत्या खात्यात धरायचा? वकिलांना हे प्रश्न इतक्यांदा विचारले जातात की उत्तरं त्यांना तोंडपाठ असतात. ती तशीच का आहेत, हे मात्र सहसा कोणी सांगत बसत नाही. कारखान्यातला अपघात आणि रस्त्यावरचा अपघात आज बहुतेक ठिकाणी वेगवेगळ्या कायद्यांखाली, वेगवेगळ्या न्यायाधिकरणांपुढे जातात. दोघांचा जुना इतिहास मात्र एकच आहे आणि त्याची सुरुवात इंग्लंडमधल्या घोडागाड्यांपासून होते.

1834 चा जोएल विरुद्ध मॉरिसन हा खटला घ्या. लंडनमध्ये रस्त्याने चाललेल्या माणसाला एका गाडीची धडक बसली. गाडी मालकाची, हाकणारा त्याचा नोकर. मालकाचं म्हणणं असं, की माझ्या गाडीला त्या भागात जायचं कारणच नव्हतं. नोकर आपल्या मर्जीने तिकडे गेला असेल तर ते त्याचं तो बघेल. न्यायमूर्ती पार्क यांनी ज्यूरीला सांगितलं की मालकाच्या कामावर असताना नोकराने वाट थोडी वाकडी केली तरी जबाबदारी मालकाचीच. पण मालकाचं काम बाजूला ठेवून तो केवळ स्वतःच्या मौजेसाठी भटकायला निघाला असेल, तर मालक सुटला. आज कंपनीच्या व्हॅनने कोणाला धडक दिली की विमा कंपनीचा माणूस पहिला हाच प्रश्न विचारतो: ड्रायव्हर तेव्हा कामावर होता का?

तीन वर्षांनी प्रीस्टली विरुद्ध फाउलर हा निकाल आला. लिंकनशायरमधल्या एका खाटकाकडे नोकरीला असलेला चार्ल्स प्रीस्टली मालकाचं मटण घेऊन गाडीतून जात होता. गाडीत क्षमतेपेक्षा जास्त माल भरला होता. ती वाटेत मोडली आणि पोराच्या मांडीचं हाड मोडलं. ज्यूरीने त्याला 100 पौंड देऊ केले. वरच्या कोर्टात लॉर्ड ॲबिंजर यांनी ते काढून घेतले. त्यांची कारणं वाचण्यासारखी आहेत. असे दावे मान्य केले तर उद्या मोलकरणीने ओलसर अंथरूण घातलं, पलंगवाल्याने मोडका पलंग पाठवला, स्वयंपाकिणीने तांब्याची भांडी नीट घासली नाहीत, तरी घरातला प्रत्येक नोकर धन्याला कोर्टात खेचेल, अशी त्यांना धास्ती. शिवाय गाडी किती लादली आहे हे नोकराला मालकाइतकंच, किंबहुना जास्तच कळतं. त्याने जायला नकार द्यायचा होता. नकार दिल्यावर नोकरी राहिली असती का, याचा विचार निकालात नाही.

म्हणजे तीच घोडागाडी, तोच मालक. रस्त्यावरच्या परक्या माणसाला लागलं तर मालक भरपाई देणार; गाडीत बसलेल्या आपल्याच नोकराला लागलं तर नाही. पुढच्या शंभर वर्षांत कायद्याने जी वळणं घेतली, त्यातली बरीचशी ही विसंगती निस्तरण्यासाठीच होती.

प्रीस्टलीच्या निकालाला ठळक नियमाचं रूप दिलं अमेरिकेने. 1842 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयात फारवेल नावाच्या इंजिनचालकाचा दावा आला. सांधेवाल्याने रूळ चुकीचे लावून ठेवले, इंजिन घसरलं आणि फारवेलचा उजवा हात गेला. मुख्य न्यायाधीश लेम्युएल शॉ म्हणाले की चूक सहकाऱ्याची आहे, कंपनीची नाही. आणि जोखमीच्या कामाला पगार जास्त असतो, त्या पगारातच जोखमीची किंमत धरलेली आहे. फारवेलला दिवसाला दोन डॉलर मिळत होते. हात जाण्याची किंमत त्यातच वळती झाली असं धरायचं!

मालकांच्या हाती आता दोन ढाली आल्या: चूक सहकामगाराची होती आणि धोका तू पत्करला होतास. तिसरी ढाल रस्त्यावरून आली. 1809 मध्ये बटरफील्ड नावाचा एक घोडेस्वार संध्याकाळच्या अंधुक उजेडात भरधाव निघाला होता. फॉरेस्टर नावाच्या माणसाने घराच्या दुरुस्तीसाठी रस्त्यात आडवा दांडा ठेवला होता, त्याला तो धडकला. दांडा ठेवणं चूकच होतं, पण स्वार जरा बेताने गेला असता तर दांडा दिसला असता. म्हणून त्याला काहीच मिळालं नाही. स्वतःची चूक थोडी असो की फार, दावा संपूर्ण बुडायचा. हे इतकं टोकाचं होतं की न्यायाधीशांनाच पळवाटा शोधाव्या लागल्या. 1842 च्या डेव्हिस विरुद्ध मॅन या खटल्यात पुढचे पाय बांधून रस्त्यावर चरायला सोडलेल्या गाढवाला एका गाडीने चिरडलं. गाढव तसं सोडणं मालकाची चूक असेलही, पण अपघात टाळण्याची शेवटची संधी गाडीवाल्याला होती, असं म्हणून कोर्टाने भरपाई दिली. प्रीस्टलीपेक्षा त्या गाढवाच्या मालकाचं नशीब बरं, असंच म्हणायचं.

माणूस दगावला तर परिस्थिती याहून वाईट. 1808 मध्ये बोल्टनची प्रवासी घोडागाडी उलटली. बेकर नावाच्या प्रवाशाला मुका मार लागला आणि त्याची बायको महिनाभराने वारली. लॉर्ड एलेनबरो यांनी निर्वाळा दिला की दिवाणी कोर्टात माणसाच्या मृत्यूबद्दल दावा लावता येत नाही. बेकरला स्वतःला लागलेला मार आणि बायको जिवंत होती तेवढ्या दिवसांचं नुकसान, इतकंच मिळणार. जखमी केलं तर पैसे, मारलं तर काही नाही! दुसरीकडे एक मध्ययुगीन प्रथा तेव्हाही चालू होती: ज्या वस्तूमुळे मृत्यू झाला ती वस्तू किंवा तिची किंमत राजसत्तेकडे जमा व्हायची. मृताच्या घरच्यांना त्यातून हक्काने काही मिळायचं नाही. रेल्वे आल्यावर संतापलेल्या ज्यूरींनी या प्रथेचं हत्यार केलं. 1841 च्या नाताळाच्या आदल्या दिवशी सॉनिंगजवळ झालेल्या अपघातानंतर ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या इंजिनावर आणि डब्यांवर 1,000 पौंड लावले गेले. कंपन्या हादरल्या. 1846 मध्ये ब्रिटिश संसदेने ही प्रथा रद्द केली आणि त्याच वर्षी मृताची पत्नी, पती, आईवडील आणि मुलं यांना भरपाई मागण्याचा हक्क देणारा कायदा केला. त्याच धर्तीचा कायदा भारतात 1855 मध्ये आला. वारसांचा दावा अवलंबितांच्या आर्थिक नुकसानीवर का मोजतात, याचं मूळ इथे आहे.

कामगाराच्या बाबतीत मात्र खरी कोंडी फोडली ती जर्मनीने, आणि तीही कोर्टाबाहेर. 1884 मध्ये चॅन्सलर बिस्मार्कच्या राजवटीत अपघात विम्याचा कायदा झाला. बिस्मार्क काही कामगारांच्या कळवळ्याने पेटला नव्हता. समाजवाद्यांचा जोर मोडायचा होता. पण रचना मात्र क्रांतिकारक निघाली. त्या त्या उद्योगातल्या मालकांचे संघ वर्गणी भरणार, चूक कोणाची हे विचारायचंच नाही, आणि पूर्ण अपंगत्व आलं तर पगाराच्या दोन तृतीयांश रक्कम. पहिले 13 आठवडे आजारपणाचा विमा, त्यापुढे अपघात विमा. बदल्यात कामगाराने मालकावर दावा लावायचा नाही, अपघात मुद्दाम घडवला असेल तर गोष्ट वेगळी.

ब्रिटनने 1897 मध्ये आपल्या पद्धतीने तोच रस्ता धरला. रेल्वे, कारखाने, खाणी, बांधकाम अशा धोक्याच्या धंद्यांत जखमी कामगाराला साप्ताहिक पगाराच्या निम्मी रक्कम, आठवड्याला जास्तीत जास्त 1 पौंड. पहिल्या दोन आठवड्यांचं काही नाही. अपघाताची खबर शक्य तितक्या लवकर द्यायची आणि दावा सहा महिन्यांत लावायचा. आज निरनिराळ्या देशांत मुदती वेगळ्या आहेत, पण ‘लगेच कळवा’ हा नियम आणि सुरुवातीचे काही दिवस वगळण्याची पद्धत अजून टिकून आहे. त्या कायद्यातला एक वाक्प्रयोग तर जगभर पोचला: अपघात ‘नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात’ झालेला असावा. भारताच्या 1923 च्या कायद्यातही तो जसाच्या तसा आला. चूक कोणाची हे विचारायचं नाही असं ठरलं, पण हे मोजके शब्द कोर्टांना पुढे पिढ्यानपिढ्या पुरले.

अमेरिकेत हे सहजासहजी झालं नाही. न्यूयॉर्कने केलेला सक्तीच्या भरपाईचा कायदा तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने 24 मार्च 1911 रोजी घटनाबाह्य ठरवला. मालकाची चूक नसताना त्याच्याकडून पैसे घेणं म्हणजे त्याची मालमत्ता हिसकावणं, असा युक्तिवाद. दुसऱ्याच दिवशी, 25 मार्चला, न्यूयॉर्कमधल्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली. बाहेर पडायचं एक दार कुलूपबंद होतं. 146 कामगार मेले, त्यात बहुतेक तरुण मुली. मालक फौजदारी खटल्यातून सुटले. त्यानंतर राज्याची घटना दुरुस्त करून नवा कायदा आला आणि 1917 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. इतर राज्यं एकेक करून मागून आली. शेवटचं मिसिसिपी, 1948 मध्ये. ‘मी मालकावर खटला भरू शकतो का?’ या प्रश्नाला तिथे सहसा नकार मिळतो, तो या सौद्यामुळे: कामगाराला भरपाई नक्की, पण ठरावीक, मालकाला खर्च नक्की, पण खटल्याची टांगती तलवार नाही. वेदना आणि मनस्तापाचे पैसे या सौद्यात कामगाराने सोडून दिले. सौदा बरोबरीचा झाला का, यावर वाद घालायला जागा आहे. माझं मत विचाराल तर 1911 साली तो कामगाराच्या फायद्याचा होता. रक्कम महागाईबरोबर वाढवायची जिथे विसरले, तिथे तो हळूहळू तोट्याचा झाला.

मोटारीचा इतिहास नेमका इथे फुटून वेगळा होतो. 17 ऑगस्ट 1896 रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसजवळ ब्रिजेट ड्रिस्कॉल ही महिला मोटारीखाली सापडली. ब्रिटनमधली मोटारीने मेलेली पहिली पादचारी म्हणून तिची नोंद आहे. ज्यूरीचा निर्णय: अपघाती मृत्यू, कोणावर खटला नाही. मोटारी वाढल्या तशी मोठी अडचण अशी आली की दावा जिंकूनही हाती काही पडेना, कारण गाडीवाल्याकडे पैसेच नसायचे. त्यावर मॅसॅच्युसेट्सने 1927 मध्ये आणि ब्रिटनने 1930 मध्ये थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला. पैशाची सोय झाली, पण चूक कोणाची हा प्रश्न तसाच राहिला. कारखान्यातून तो हद्दपार झाला होता. रस्त्यावर त्याने ठाण मांडलं. पोलीस पंचनामा, साक्षीदार, फोटो, डॅशकॅम यांना मोटार अपघातात इतकं महत्त्व का, आणि कारखान्यातल्या दाव्यात त्यामानाने वैद्यकीय कागदांवरच भर का, ते यावरून लक्षात येईल.

बटरफील्डचा कठोर नियम हळूहळू मोडीत निघाला. ब्रिटनने 1945 मध्ये चुकीच्या प्रमाणात भरपाई कमी करण्याची पद्धत आणली. 1975 च्या एका निकालात लॉर्ड डेनिंग यांनी सीटबेल्टचा हिशोबच मांडून दिला: बेल्ट लावला असता तर इजा झालीच नसती असं दिसलं तर 25 टक्के कपात, इजा कमी झाली असती तर 15 टक्के. अमेरिकेतही बहुतेक राज्यांनी वाटणीची पद्धत घेतली; अलाबामा, मेरीलँड, नॉर्थ कॅरोलायना आणि व्हर्जिनिया मात्र अजून जुन्याच नियमाला धरून आहेत. तेव्हा ‘थोडी चूक माझी होती’ हे वाक्य एका राज्यात काही टक्क्यांचं असतं आणि शेजारच्या राज्यात अख्ख्या दाव्याचं.

रस्त्यावरूनही चुकीचा प्रश्न काढून टाकण्याचे प्रयत्न झालेच. 1932 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यास समितीने कामगार भरपाईसारखी योजना मोटारींसाठी सुचवली. ती कागदावर राहिली. कॅनडातल्या सस्कॅचेवानने 1946 मध्ये, क्वेबेकने 1978 मध्ये तसं करून दाखवलं. सर्वांत पुढे गेलं न्यूझीलंड: 1974 पासून तिथे अपघात कामावर झाला, रस्त्यावर झाला की घरात, हा भेदच गौण, एकाच सार्वजनिक योजनेतून भरपाई, आणि इजेबद्दल दावा लावण्याचा हक्क जवळपास संपुष्टात.

इतरत्र दोन्ही व्यवस्था शेजारी-शेजारी उभ्या आहेत आणि जास्तीत जास्त भांडणं त्यांच्या सीमेवर होतात. कामावर जाता-येताचा प्रवास हे त्याचं ठळक उदाहरण. जर्मनीने 1925 मध्येच तो अपघात विम्यात घेतला. त्याच सुमारास ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे, एका खाणकामगाराचा दावा होता. खाणीने रेल्वेशी करार करून कामगारांसाठी गाडीची सोय केली होती आणि त्याच गाडीत त्याला अपघात झाला. त्या गाडीने जाण्याची सक्ती नव्हती, म्हणून तो ‘नोकरीच्या ओघात’ नव्हता असं ठरलं आणि दावा गेला.

कामावर असताना, कंपनीची गाडी चालवताना, दुसऱ्याच कोणाच्या चुकीने धडक बसली तर? अनेक देशांत मालकाकडून भरपाई आणि धडक देणाऱ्याकडून नुकसानभरपाई असे दोन्ही मार्ग खुले असतात, फक्त त्याच नुकसानीचे पैसे दोनदा घेता येत नाहीत; मालकाचा विमा आपली रक्कम दुसऱ्या दाव्यातून वळती करून घेतो. भारताच्या 1988 च्या मोटार वाहन कायद्यात मात्र दोनपैकी एकच मार्ग निवडावा लागतो.

ॲपवरून काम घेणाऱ्या ड्रायव्हरच्या बाबतीत हीच सीमा सर्वांत अडचणीची ठरते. कंपनी म्हणते तो आमचा नोकर नाही, स्वतंत्र व्यावसायिक आहे; म्हणून कामगार भरपाई नाही. त्याच्या खासगी गाडीचा विमा अनेकदा म्हणतो की गाडी भाड्याने चालवत होतास, ते पॉलिसीत बसत नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने उबरचे ड्रायव्हर हे स्वतंत्र व्यावसायिक नसून कामगार आहेत असा निर्णय दिला, तो किमान वेतन आणि रजेपुरता. अपघात झाल्यावर त्याला कोणाचा माणूस धरायचं, हे अजून देशोदेशी वेगवेगळं ठरतं आहे.