पन्नाशीतली कंबर आणि कॉस्मेटिक सर्जरी

चाळिशी-पन्नाशीत सुटलेलं पोट आत घ्यायला मुख्यतः दोन ऑपरेशनं आहेत, लायपोसक्शन (नळीने चरबी ओढून काढणं) आणि टमी टक (जास्तीची कातडी कापून पोट आवळणं). पाळी जायच्या सुमारास इस्ट्रोजेन कमी झालं की चरबी मांड्यांऐवजी पोटावर साठायला लागते, त्यात आधीची बाळंतपणं, म्हणून बायकांची कंबर या वयात पटकन जाते.

आधी बघायचं चरबी आहे कुठे. चिमटीत येते ती कातडीखालची, ती काढता येते. पण पुरुषांची ती टणक पुढे आलेली ढेरी असते ना, तिच्यातली चरबी आतड्यांभोवती असते, तिथे कुठलाच सर्जन नळी घालत नाही, ती खाणं-चालणं सुधारूनच उतरवायची. भारतीयांसाठी कंबरेची मर्यादा बायकांना ८० सेंमी आणि पुरुषांना ९० सेंमी धरतात.

लायपोसक्शन १९७० च्या दशकात इटली-फ्रान्समध्ये सुरू झालं. आता आधी सलाईन, लिग्नोकेन (बधिर करणारं औषध) आणि अॅड्रेनलिनचं (रक्तवाहिन्या आकसवणारं औषध) मिश्रण भरतात, त्याने रक्तस्राव कमी होतो, मग बारीक छिद्रांतून चरबी ओढून घेतात. एका वेळी ५ लिटरच्या वर गेलं की धोका वाढतो. वजन कमी करायचा हा उपाय नव्हे, आणि कातडी लोंबत असेल तर नुसत्या लायपोने ती अजून लोंबते.

तिथे टमी टक लागतो. ओटीपोटावर एका बाजूच्या कंबरेच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत आडवा छेद, फाकलेले उभे स्नायू शिवून जवळ आणायचे, जास्तीची कातडी कापायची आणि बेंबीला नवीन भोक. वण कायमचा राहतो, फक्त कपड्याखाली झाकतो. पहिला आठवडा वाकूनच चालायचं, बाजूला आत साचणारं पाणी-रक्त बाहेर काढणारी ड्रेनची नळी लोंबत असते.

कोकणातल्या माणसाने खरा विचार करायचा तो यानंतरचा. साधारण ६ आठवडे पोटपट्टा आणि वजन उचलणं बंद, म्हणजे विहिरीवरची कळशी नाही की आंब्याची पेटी नाही. आपल्याकडच्या वैशाखातल्या घामात तो पट्टा म्हणजे शिक्षाच, त्यामुळे दिवाळीनंतर थंडीत केलेलं बरं (आणि हो, भातलावणी तोंडावर आलेली असताना तर नकोच). ऑपरेशन मुंबई, कोल्हापूर नाहीतर गोव्याला केलंत तर डिस्चार्ज मिळाला म्हणून लगेच घरचा लांबचा रस्ता धरू नका, तासन् तास बसून पायात रक्ताची गुठळी होते आणि ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. घरच्या बाईला मशेरी लावायची सवय असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका, निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि शिवलेली कातडी काळी पडून मरू शकते, बिडी-सिगरेटचंही तेच.

चरबी गोठवायचं मशीनही असतं, थोड्याशा चरबीला ठीक. मेडिक्लेम सहसा यातलं काही देत नाही. सर्जन निवडताना प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी बघून घ्यायची, पार्लरच्या बोर्डवर नुसतं 'कॉस्मेटिक' लिहिलेलं चालत नाही.