दत्त, धीरेंद्रनाथ

(२ नोव्हेंबर १८८६ – २९ मार्च १९७१). पूर्व बंगालमधील वकील, काँग्रेसचे नेते आणि पाकिस्तानच्या पहिल्या संविधान सभेचे सदस्य. बंगालीला उर्दूच्या बरोबरीचे स्थान मिळावे, ही मागणी या सभेत सर्वप्रथम त्यांनी मांडली.

त्यांचा जन्म ब्राह्मणबाडियाजवळच्या रामराइल गावचा. कलकत्त्याच्या रिपन कॉलेजातून कायद्याचे शिक्षण घेऊन १९११ मध्ये त्यांनी कुमिल्ल्याला वकिली सुरू केली. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी तुरुंगवास भोगला. १९३७ मध्ये ते बंगालच्या विधानसभेवर निवडून आले. तिथे कुळांच्या आणि सावकाराच्या कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्यांच्या बाजूने झालेल्या कायद्यांसाठी त्यांनी काम केले. फाळणीला त्यांचा विरोध होता. ती झाल्यावर मात्र ते कुमिल्ला सोडून गेले नाहीत. पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री जोगेंद्रनाथ मंडल १९५० मध्ये राजीनामा देऊन भारतात आले. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बंगालमधून भारताच्या संविधान सभेवर पाठवण्यासाठी झटलेले ते हेच मंडल. दत्त अखेरपर्यंत तिकडेच राहिले.

२५ फेब्रुवारी १९४८ रोजी कराचीत सभेच्या कामकाजाच्या नियमांवर चर्चा चालू होती. नियम २९ प्रमाणे सदस्यांना इंग्रजीत किंवा उर्दूत बोलता येणार होते. त्यात बंगालीही घालावी, एवढीच दत्तांची दुरुस्ती होती. त्यांनी आकडे दिले : देशाच्या ६ कोटी ९० लाख लोकांपैकी ४ कोटी ४० लाख बंगाली बोलतात. पण त्या भाषणातले मनात राहते ते खेड्यातले पोस्ट. गरीब शेतकऱ्याचा मुलगा ढाका विद्यापीठात शिकतो आहे. त्याला पैसे पाठवायला बाप पोस्टात जातो, मनिऑर्डरचा फॉर्म मागतो, तर फॉर्म उर्दूत छापलेला. तो वाचून घेण्यासाठी त्याला दूरच्या शहरापर्यंत पायपीट करावी लागते. जमिनीच्या खरेदीविक्रीच्या स्टॅम्पचीही तीच गत, असे ते म्हणाले. आयुष्यभर कुळांचे कागद हाताळलेला वकील इथे बोलत होता. ज्याच्या हातात तो फॉर्म पडतो त्याची अडचण त्याला नेमकी ठाऊक होती, आणि तो शेतकरी बहुधा मुसलमानच असणार हेही.

उत्तर मात्र धर्माच्या नावाने आले. पाकिस्तान हे मुसलमानांचे राष्ट्र आहे, तेव्हा त्याची भाषा मुसलमानांचीच, म्हणजे उर्दू असली पाहिजे, असे पंतप्रधान लियाकत अली खान यांनी सांगितले. दुरुस्तीमागे लोकांत फूट पाडण्याचा हेतू आहे, असाही ठपका त्यांनी ठेवला. पूर्व बंगालचे मुख्यमंत्री ख्वाजा नाझिमुद्दीन स्वतः त्याच प्रांताचे, तरी ते विरोधात उभे राहिले. दत्तांना साथ मिळाली ती काँग्रेसच्या हिंदू सदस्यांची, आणि दुरुस्ती फेटाळली गेली. दत्तांवर हा मोठा अन्याय होता. मागणी बहुसंख्याकांच्या भाषेची होती. मागणारा अल्पसंख्य आहे एवढ्यावरून तिच्याकडे संशयाने पाहिले गेले.

ढाक्यात मात्र निराळेच घडले. ते परतले तेव्हा विमानतळावर शाली पांघरलेले तरुण घोळक्याने उभे होते. शालीखाली हत्यारे असावीत असे वाटून ते क्षणभर धास्तावले; शालींखालून निघाली ती फुले, अशी आठवण सांगितली जाते. ११ मार्चला पूर्व बंगालमध्ये भाषेसाठी हरताळ झाला. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला, आणि १९५६ च्या संविधानात बंगाली ही उर्दूबरोबर राजभाषा झाली.

१९५६ ते १९५८ या काळात अताउर रहमान खान यांच्या प्रांतिक मंत्रिमंडळात दत्तांकडे आरोग्य खाते होते. मग लष्करी राजवट आली, आणि अयूब खानांच्या अपात्रता कायद्याने त्यांना राजकारणातून दूर केले. १९६५ च्या भारत-पाक युद्धात त्यांना घरात स्थानबद्ध ठेवण्यात आले. ज्या देशाच्या संविधान सभेत ते बसले होते, तोच देश त्यांना परका मानू लागला होता.

२५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात लष्कराची कारवाई सुरू झाली. चार दिवसांनी, २९ मार्चच्या रात्री, सैनिकांनी ८४ वर्षांच्या दत्तांना आणि त्यांचा मुलगा दिलीप यांना कुमिल्ल्यातील राहत्या घरातून उचलले आणि मैनामती छावणीत नेले. तिथे छळ करून दोघांना ठार मारण्यात आले. त्यांचे देह कुटुंबाला मिळाले नाहीत.

बांगलादेशाने १९९७ मध्ये त्यांना मरणोत्तर स्वाधीनता पुरस्कार दिला. कुमिल्ल्याच्या स्टेडियमला त्यांचे नाव आहे. त्या नावाआधी ‘भाषासैनिक शहीद’ असे शब्द लावले जातात.